दुसरी प्रत दुसऱ्या घरात

आमच्या दुकानात हिंगाच्या डब्यांमागं एक चष्मा ठेवलेला असायचा. जुनी काळी फ्रेम, एका काडीला चिकटपट्टी. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी तो चष्मा घेऊन काउंटरवर यायचा, कुणीतरी विसरून गेलंय म्हणून. मी सांगायचो, विसरलेलं नाही, ठेवलाय. जागेवर ठेव बाबा.

चष्मा काकांचा. काका म्हणजे माझे घरमालक. डॅलसजवळ अर्विंगला त्यांचं घर होतं आणि वरच्या दोन खोल्या ते भाड्यानं द्यायचे, त्यातली एक माझी. नाव सांगत नाही. त्यांची लेक कॅलिफोर्नियात असते. ती हे वाचेल, फोन करेल आणि बाबांबद्दल कुणाला विचारून लिहिलंत म्हणून इंग्रजीत भांडेल. मला मराठीतच धड भांडता येत नाही.

चष्म्यामागचा विचार असा, की घरातला चष्मा हरवला तर घरातलाच दुसरा चष्मा शोधायलाही चष्मा लागतो. म्हणून दुसरा बाहेर पाहिजे. घर सोडून. शक्यतो रस्ता ओलांडून. ‘एकाच घरातल्या दोन वस्तू म्हणजे एकच वस्तू,’ असं काका म्हणायचे. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, हा त्यांचा धर्म होता. देवपूजा काकू करायच्या, काका हे करायचे.

घराची किल्ली तीन घरी. पासपोर्टची झेरॉक्स चार घरी. ह्यातली एक झेरॉक्स अशा माणसाकडं होती, ज्याच्याशी काकांचं गणपतीच्या आरतीच्या चालीवरून बोलणं बंद होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण झेरॉक्स त्यानं जपून ठेवली होती आणि काकांनीही मागं घेतली नव्हती. भांडण वेगळं, प्रत वेगळी.

आता मी कसा तिथं पोचलो ते सांगतो, म्हणजे गोंधळ नको. मी सातवी नापास. बहिणीनं माझे अमेरिकेत यायचे पेपर फाईल केले होते ते इतक्या वर्षांनी निघाले की तोवर ती स्वतःच विसरून गेली होती. मी दारात उभा राहिलो तेव्हा तिला आनंद झाला, पण आधी आश्चर्य वाटलं. विमानतळावर दाजी घ्यायला आले होते. गाडीत त्यांनी मला अमेरिका शिकवली, ती एका वाक्यात. इथं कुणी काहीही विचारलं की ‘ओके’ म्हणायचं. त्या ओकेवर माझी दोन वर्षं आरामात निघाली. मग एके दिवशी दाजींनीच मला विचारलं, काकांकडं एक खोली रिकामी आहे, जातोस का. मी म्हणलं ओके.

काम ग्रोसरीत, म्हणजे आपल्या लोकांच्या किराणा-भाजीच्या दुकानात लागलं. भाजी लावणं, तांदळाच्या गोण्या उतरवणं आणि भेंडीवर लक्ष ठेवणं. शेवटचं काम अवघड. आपल्या बायका भेंडी घेताना शेंडा मोडून बघतात. मोडली की कोवळी, म्हणून ती घ्यायची असं नाही. मोडून तिथंच टाकायची आणि शेजारची घ्यायची. मालकानं तिथं इंग्रजीत पाटी लावली होती आणि पाटीखाली मला उभं केलं होतं, कारण पाटी कुणी वाचत नव्हतं. मलाही कुणी जुमानत नव्हतं, पण मी निदान हसवायचो.

काका रिटायर झालेले होते. त्याआधी डॅलसच्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं मोठे इंजिनियर असतील. तसं नव्हतं. त्यांचं काम टेपचं. त्या काळात कंपनीचा दिवसभराचा सगळा हिशोबकिताब मोठ्या मोठ्या टेपवर उतरवून घ्यायचे. त्या टेप डिकीत ठेवून काका रोज दुसऱ्या गावातल्या गोदामात नेऊन ठेवायचे. इथली इमारत जळाली तर तिथं प्रत असावी म्हणून. बावीस वर्षं हेच. जाताना ताशी पंचेचाळीस मैलाच्या वर कधी गेले नाहीत, हायवेवरसुद्धा. मागं अख्खी कंपनी ठेवलीय म्हणायचे, हादरे बसले तर काय.

एकदा पोलिसानं थांबवलं. फार सावकाश चालवल्याबद्दल. त्यानं विचारलं, डिकीत काय आहे? काका म्हणाले, “यस्टरडे, सर.” कालचा दिवस. त्यांच्या दृष्टीनं ते अगदी खरं उत्तर होतं. पोलिसानं त्यांना तासभर रस्त्याच्या कडेला बसवून डिकी तपासली. काका सांगायचे, मला एकच भीती, तो टेप उन्हात ठेवेल.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा बघायचा तर दह्याचा बघायचा. काकू पुण्याहून आल्या तेव्हा रुमालाला दही लावून, वाळवून, तो रुमाल साडीत गुंडाळून आणला होता. त्या विरजणाचं दही पंचवीस वर्षं त्या घरात लागत होतं. त्याच्याही प्रती होत्या. अर्विंगला तीन घरी आणि जवळच्या प्लेनो गावात एका घरी, फ्रीजरमध्ये, झाकणावर काकांच्या अक्षरात तारीख. आणि नुसतं ठेवून भागत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी काका त्यातल्या एका घराची बेल वाजवायचे आणि म्हणायचे, आज टेस्ट आहे. मग ते विरजण काढायचं, दूध कोमट करायचं, त्यांच्यासमोर लावायचं. दुसऱ्या दिवशी काका चमचा घेऊन यायचे. परत आणून बघितल्याशिवाय प्रत आहे असं म्हणायचं नाही, तोवर ती नुसती श्रद्धा, असं त्यांचं म्हणणं.

एका नागपूरच्या जोडप्यानं ते विरजण पराठ्याबरोबर खाऊन टाकलं होतं. टेस्टच्या दिवशी घाबरून त्यांनी दुकानातनं दह्याचा डबा नेला, माझ्याच हातून, आणि त्यातलं लावलं. काकांनी एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, हे कंपनीचं आहे. रागावले नाहीत. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि खिशातली वही काढून त्यांच्यासमोर त्यांचं नाव खोडलं. ती बाई मला सांगायची, रागावले असते तर बरं झालं असतं यार, त्या पेन्सिलीचा आवाज अजून ऐकू येतो.

काकू ह्या सगळ्यावर फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, “माझी दुसरी प्रत करता आली नाही, म्हणून तर तोंड सांभाळून बोलतात.”

पुढं दोन हजार आठ साली काकांच्या वरच्या खोलीत एक पुण्याचा इंजिनियर राहायला आला. त्यानं नवीन फोन घेतला होता. काकांना मोठ्या कौतुकानं दाखवला, की बघा काका, ह्यातलं सगळं आपोआप इंटरनेटवर जातं, वायर नको, काही नको. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, इथलं पुसलं तर तिथं राहतं का? तो म्हणाला, नाही ना, तिथनं पण लगेच जातं, ऑटोमॅटिक. काका म्हणाले, “म्हणजे चुकीला आता वायरसुद्धा लागत नाही.”

त्याला ते कळलं नाही. मला कळलं. कारण मी ती चूक वायर असतानाच केली होती.

दोन हजार पाच साल असेल. वरच्या दुसऱ्या खोलीत तेव्हा राहणाऱ्या पोरानं जाताना मला त्याचा जुना फोन दिला. काडीनं लिहायचा फोन, वहीएवढा जाड. त्याच्याबरोबर एक स्टँड. फोन त्यात ठेवायचा, स्टँडची वायर कॉम्प्युटरला, आणि एक बटण दाबलं की टिंग वाजून फोनमधलं कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटरमधलं फोनमध्ये. मी त्या स्टँडला पाळणा म्हणायचो. कॉम्प्युटर काकांचा, जिन्याखाली. त्यांनी त्यात माझं वेगळं खातं करून दिलं आणि म्हणाले, हे सिंक आहे, हा बॅकअप नाही, लक्षात ठेव.

मी म्हणलं ओके.

काकांना माझा ओके ओळखता यायचा. त्यांनी मला दंडाला धरून बाथरूममध्ये आरशासमोर उभं केलं. विचारलं, समज, तू उद्या मिशी काढलीस, तर आरशातल्यानं ठेवावी का? मी म्हणलं, त्याची मर्जी. काका म्हणाले, त्याला मर्जी नसते. तू काढलीस की त्यानं काढली, तेच सिंक. मग त्यांनी पाकिटातनं त्यांचा पुण्याचा फोटो काढला. डोक्यावर जंगल. म्हणाले, माझे केस गेले, ह्यातले गेले का? हा बॅकअप. मी म्हणलं समजलं. मला एवढंच समजलं होतं की काकांना एके काळी केस होते.

त्या फोनमध्ये मी दुकानाच्या गिऱ्हाइकांचे नंबर भरायला लागलो. कढीपत्ता ताजा आला की फोन करायचा, हापूसच्या पेट्या आल्या की करायचा. बायका खूश, मालक खूश. चारेकशे नावं झाली. त्या चारशेत एक नाव होतं ते कढीपत्त्याचं नव्हतं.

ती एप्रिलमध्ये पहिल्यांदा दुकानात आली आणि माझ्यादेखत भेंडीचा शेंडा मोडला. मी पाटीकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, मग काय तिलाच विचारू, कोवळी आहेस का म्हणून? मी म्हणलं, विचारा, मी तोंड फिरवतो. ती हसली. झालं. माझ्यासारख्या माणसाचं एवढ्यातच होतं.

ती भावाकडं राहायला आली होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, आठ वर्षांची मुलगी. शिवणकाम करायची, आणि हात इतका चांगला, की आमच्या गिऱ्हाइकांतल्या दोन बायका तिच्याकडचे ब्लाउज घालून मुद्दाम एकमेकींसमोर उभ्या राहायच्या. भाऊ ऑफिसला गेला की दुपारी मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या घरच्या फोनवर फोन करायचो. भावाला मी कधी बघितलं नव्हतं, तो भाजी गोऱ्यांच्या दुकानातनं आणायचा. तिच्या बोलण्यात तो नुसता ‘दादा’. मी नावही विचारलं नाही. विचारायला मी मनातनं थोडा घाबरायचोच.

जुलैत तिला लांब शिकागोजवळ, नेपरव्हिलला, एका बुटीकमध्ये काम मिळालं आणि ती मुलीला घेऊन तिकडं गेली. जाताना नवीन मोबाइलचा नंबर दिला. मी दादाच्या घरचा नंबर पुसून त्याच जागी तो घातला. मग दर रविवारी दुपारी फोन. आणि फोनवर मी काय करायचो, तर जोक. तिनं काहीही विचारलं की जोक. मुलगी रात्री दचकून उठते म्हणाली, मी जोक केला. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, “तुम्हाला माझ्याबरोबर माझी मुलगीपण पाहिजे आहे का, हे मला एकदा सरळ सांगा. पुढच्या रविवारपर्यंत. मी फोन करणार नाही. तुमचा आला नाही तर मी समजेन, आणि मला राग येणार नाही.”

राग येणार नाही म्हणाली ना, तेव्हाच मी कॅलेंडरवर पुढच्या रविवारला गोल केला.

आठवडाभर मी उत्तर घोकत होतो. शनिवारी दुपारी फोननं सांगितलं, मेमरी फुल. नवीन काही घेईना, चालू मध्येच बंद पडायला लागला. मी घाबरलो, उद्या ऐन वेळेला हा दगा देईल. मग मी डोकं चालवलं. आमच्या घरात कुणी डोकं चालवलं की आई दिवा लावायची. मी विचार केला, सगळं काकांच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच. फोन रिकामा करू, पाळण्यात ठेवू, कॉम्प्युटर त्याला परत भरेल आणि तो ताजातवाना होईल. मी सगळी नावं पुसली. केलेल्या कॉलची यादी होती, तीपण पुसली, कचरा कशाला. मग पाळण्यात ठेवला. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, चांगलं तीन ओळी विचारलं.

मी ओके केलं.

टिंग वाजलं. फोन उघडला तर रिकामा. कॉम्प्युटर उघडला तर तोही रिकामा. दोघं कसे एकमेकांसारखे. मी मिशी काढली होती आणि आरशातल्यानंही काढली होती.

तिचा नंबर मला पाठ नव्हता. नावावर दाबलं की लागायचा, पाठ कशाला करू? फोन प्रीपेड, त्यामुळं नंबर बघायला बिलही येत नव्हतं. दादाचा नंबर मीच पुसलेला, ब्लाउजवाल्या दोघींचे नंबरही त्याच यादीबरोबर गेलेले. घर कुठलं ते माहीत नाही, आडनाव माहेरचं की सासरचं तेही माहीत नाही. मी पाळण्यात फोन ठेवून, काढून, परत ठेवून बघितला. प्रत्येक वेळी टिंग.

रविवारी सकाळी काका जिन्याखाली कॉम्प्युटरपाशी बसले होते. ऑगस्टचा पहिला रविवार, म्हणजे सीडी करायचा दिवस. महिन्यातनं एकदा कॉम्प्युटरमधलं सगळं ते सीडीवर उतरवायचे आणि प्लेनोला मित्राकडं नेऊन ठेवायचे. मी जाऊन म्हणलं, काका, दुकानाची यादी पुसली गेली. ते वळले. डॉक्टर विचारतो तसं विचारलं, कधी पुसलं, नंतर कितीदा स्टँडवर ठेवलं. मी सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही, प्लेनोला जुलैची सीडी आहे, पुढच्या आठवड्यात आणू.

मी म्हणलं, आजच पाहिजे.

“कढीपत्त्याला एवढी काय घाई?” काका म्हणाले.

मी काहीतरी थापा मारायला लागलो. स्वयंपाकघरातनं काकूंचा आवाज आला, “अहो, मुलगी आहे ती. एप्रिलपासून दाढी रोज करतोय.”

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं काका आरशाची आठवण करून देतील, ती त्यांना शोभली असती. पण ते उठले आणि वर गेले. खाली आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट आणि टाय. ऑगस्ट महिना, टेक्सास, बाहेर डांबर वितळतंय, आणि काका टाय लावून. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्याही साडी बदलून आल्या.

गाडीत मी मागं. काका उजव्या लेनमधनं पंचेचाळीसनं चालले होते, ट्रक हॉर्न मारून पुढं जात होते. माझा जीव वरखाली. बऱ्याच वेळानं काका आरशातनं माझ्याकडं न बघता म्हणाले, “बावीस वर्षं टेप नेल्या. एकदाही कुणी परत मागितली नाही.”

मी म्हणलं, चांगलंच की, म्हणजे कंपनी कधी जळाली नाही.

“चांगलंच,” काका म्हणाले. “टेस्ट खूप केल्या. खरोखरची मागणी आजची पहिली.”

तेव्हा मला तो टाय समजला.

काकांच्या त्या मित्राचं, म्हणजे प्लेनोच्या काकांचं, घर मोठं, तळ्याकाठी. त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणायचे. आम्हाला बघून मावशींना वाटलं, दह्याची टेस्ट. त्या फ्रीजरकडं निघाल्या. काका म्हणाले, दही नाही, सीडी. मावशींनी पोह्याचा मोठा डबा काढला, त्यात हात घातला आणि पोह्यांतनं प्लॅस्टिकच्या पिशवीतली सीडी काढली. कोरडी जागा म्हणून तिथं. काकांनी ती झटकली, उजेडात धरून बघितली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. यंत्र बराच वेळ नुसतं घरघरलं. मग पडद्यावर यादी आली.

काकांनी माझ्या खात्यात जाऊन तिचं नाव उघडलं.

आता इथं एक सांगायचं राहिलंय. त्या फोनमध्ये प्रत्येक नंबरखाली टीप लिहायला जागा असायची. गिऱ्हाइकांच्या खाली मी लिहायचो, हिला जाड पोहे, हिला बिनबियांची वांगी. तिच्याखाली मी बरंच लिहिलं होतं. कारण मी विसरतो, आणि तिचं काही विसरायचं नव्हतं.

काकांनी ते सगळं मोठ्यानं वाचलं. चेष्टेनं नाही. डेटा पुरा आलाय का हे तपासायची त्यांची पद्धतच ती, कंपनीतही पावती अशीच मोठ्यानं वाचून घ्यायचे. प्लेनोचे काका, मावशी, काकू, सगळे उभे.

“हसली तीन वेळा,” काकांनी वाचलं. “वांगं आवडत नाही. मुलीचा पुढचा दात पडला. कुत्र्याचा जोक आवडला नाही, परत सांगायचा नाही. आवाज बसलेला, आल्याचा चहा सांगितला. आज हसली नाही, का ते विचारायचं. विचारलं नाही, जोक केला. गाढव.”

इथं काका थांबले आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघून म्हणाले, हे गाढव कोण? मी म्हणलं, मीच. ते म्हणाले, ठीक, डेटा पूर्ण आहे.

मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं त्या तळ्यात मी जाऊन बसावं.

मग मी नंबर बघितला. नऊ-सात-दोननं सुरू होत होता. म्हणजे इथलाच, अर्विंगचा. तिचा नेपरव्हिलचा नंबर मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घातला होता आणि सीडी पहिल्या रविवारची. त्या दिवशी ती अजून दादाच्याच घरी होती. सीडीवर दादाचा नंबर होता.

काकांच्या लक्षात यायला मिनिट गेलं. मग ते खुर्चीत मागं टेकले. टाय थोडा सैल केला. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला. म्हणाले, माझीच चूक, महिन्यातनं एकदा म्हणजे फार झालं. मी म्हणलं, नाही हो काका, तुमचं सगळं बरोबर आलंय.

“बॅकअप त्या दिवसापर्यंत आणून सोडतो,” ते म्हणाले. “तिथनं पुढं आपल्या पायांनी जायचं. कर फोन.”

मी म्हणलं, दादाला? त्याला काही माहीत नाही. काका म्हणाले, मग त्याला कळेल. आणि उठले. सगळ्यांना म्हणाले, चला बाहेर. मावशी परत येऊन म्हणाल्या, अहो बाहेर ऊन आहे, आतल्या खोलीत बसू. काका म्हणाले, आतल्या खोलीत ऐकू येतं. चौघं म्हातारी माणसं त्या भट्टीत मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि काकांनी काचेचं दार ओढून घेतलं.

मी नंबर लावला. जाड आवाज आला. मी सवयीनं जोकच करणार होतो, तोंडावर आला होता. गिळला. मी म्हणलं, मी अर्विंगला ग्रोसरीत कामाला आहे. तुमच्या बहिणीला आणि तिच्या मुलीला, दोघींना, माझ्या घरात आणावं असं माझ्या मनात आहे. तिला आज उत्तर द्यायचंय आणि तिचा नंबर माझ्या हातून पुसला गेला. तो तेवढा द्या.

मग दादा म्हणाला, “शिक्षण?”

“सातवी नापास.”

“नापास सांगितलं नसतं तरी चाललं असतं,” तो म्हणाला.

मी म्हणलं, तिनं सरळ बोलायला सांगितलंय.

मग त्यानं नंबर सांगितला, दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश. आणि म्हणाला, ती सकाळपासून फोन हातात धरून बसलीय. मला दोनदा विचारून झालं, तुझ्याकडं कुणाचा फोन आला का म्हणून. मी विचारलं, कुणाचा, तर सांगेना. आता कळलं.

मग मी तिला लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. मी म्हणलं, हो. दोघींना. मी पुढं म्हणलं, मुलगी दचकून उठते म्हणालात, तर मीपण लहानपणी उठायचो, आई माझ्या उशाखाली हात ठेवायची, मला ते जमेल. एवढंच. ती म्हणाली, जोक नाही? मी म्हणलं, नाही. मग फोनमधनं असा आवाज आला की मला आधी वाटलं लाइन खराब झाली. ती रडत होती आणि हसत होती. नाक ओढून म्हणाली, “आता एक सांगा.”

आयुष्यात पहिल्यांदा मला एकसुद्धा जोक आठवला नाही.

बाहेर गेलो तर चौघं गॅरेजच्या पट्टीएवढ्या सावलीत ओळीनं उभे. काकांचं टक्कल टोमॅटोसारखं झालेलं, टाय गळ्यातच. त्यांनी विचारलं, लागला? मी म्हणलं, लागला. काकूंनी विचारलं, मग? मी होकाराची मान हलवली. मावशी आत पळाल्या, साखर आणायला. काकांनी माझ्या पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही. विचारलं, नवीन नंबर कुठं लिहिलास? मी तळहात दाखवला, पेननं लिहिला होता. ते म्हणाले, घामानं जाईल.

प्लेनो ते अर्विंग, पंचेचाळीसच्या वेगानं, ते मला तो नंबर म्हणायला लावत होते. हायवेवरनं बाहेर पडायच्या प्रत्येक एक्झिटला गाडीचा वेग आणखी कमी करायचे आणि म्हणायचे, बोल. मी बोलायचो. काकू मोजायच्या, आकडे दहा झाले का. एका ठिकाणी मी दोन आकड्यांची अदलाबदल केली, तर काकांनी पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली, पेट्रोल पंपावर उभी केली आणि मी सलग तीनदा बरोबर म्हणेपर्यंत चालू केली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. काका म्हणाले, वाजवू देत.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो नंबरही तिनं लग्नानंतर वर्षभरात बंद केला, इथला घेतला. आज तो कुणाचा आहे देव जाणे. बायकोचा आत्ताचा नंबर विचाराल तर मला फोन उघडून बघावा लागतो आणि ती शेजारीच उभी असली तर त्यावरनं माझी खरडपट्टी निघते. पण तो जुना, तो मी कुठल्याही एक्झिटला सांगतो. दहाच्या दहा.